सोपटाची गाठ

पिशवीचं तोंड मी अजून केळीच्या सोपटानंच बांधते. सून हसते. "आई, रबर हाय घरात, क्लिपा हायेत, तुम्हाला ही वाळकी साल कशाला लागते?" कशाला म्हणजे काय सांगणार? सवय. घड उतरला की खोड पाडायचं, त्याची सोपटं सोडवायची, पडवीच्या वाशावर वाळत टाकायची आणि लागेल तेव्हा पाण्यात बुडवून एक पट्टी काढायची. अबोलीचा गजरा तिच्यात, माठाची जुडी तिच्यात, कैऱ्यांचं गाठोडं तिच्यात. माझी गाठ दोन वेढ्यांची, वर एक कान काढलेली. कान ओढला की सुटते. सासूबाईंनी शिकवली ती. निरगाठ मारलेली त्यांना चालायची नाही. "सोडवनारीची नखं तुटतील, तिनं काय केलंय तुजं?" असं म्हणायच्या.

या गाठीनंच मला पकडून दिलं, ती गोष्ट सांगायची आहे. पण आधी उकिरड्याबद्दल बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं घर रेवसकडे जाणाऱ्या रस्त्याला. मागे चौदा माडांची वाडी, तिच्यापलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडीकाठच्या खारीतली भातशेती. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीच्या कोपऱ्यात उकिरडा होता. आता उकिरडा म्हटलं की लोक नाक मुरडतात. आमचा उकिरडा म्हणजे घरातल्या माणसासारखा होता. त्याला काय आवडतं, काय सोसत नाही, ते सासूबाईंना पाठ. शेण, केर, भाजीची देठं, केळीची पानं, एवढंच त्याचं. मासे धुतलेलं पाणी त्याचं नव्हे, ते माडांचं. आणि तेही पाळीनं. मी नवी होते, आळशी होते, स्वयंपाकघराजवळच्या माडाच्या आळ्यातच रोज ओतायचे. सासूबाई एक दिवस तिथं उभ्या राहून माडालाच म्हणाल्या, "तुजी चैन हाय रं बाबा. रोज जेवन. आनि तो विहिरीवरचा उपास करतोय, त्याचा कायतरी नवस हाय वाटतं." मला बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी मांदेलीचं पाणी घेऊन विहिरीवर जायला लागले.

तांदळाचं धुवण म्हशीला. चुलीची राख भांड्यांना, उरलेली वांग्यांच्या रोपांना. करवंट्या न्हाणीच्या चुलीत. विंचरलेले केससुद्धा आम्ही टाकत नव्हतो. कुडाच्या फटीत खोचून ठेवायचो, केस घेणारी बाई यायची ती त्यांच्या बदल्यात सुया आणि फणी द्यायची. जाऊबाईंचे केस दाट, त्यांना फणी मिळायची. मला सुया. अजून आठवलं की राग येतो.

आणि काच. काचेला आमच्याकडे एक फुटका मातीचा डेरा होता. परसात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, वर चपटा दगड ठेवलेला. फुटलेली बाटली, बांगडी, आरसा, सगळं त्यात. विहिरीचा कट्टा बांधला तेव्हा तो डेरा कट्ट्याच्या पोटात रिकामा केला आणि वर दगड बसवले. मग पुन्हा परसात जागेवर आणून ठेवला.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी, कपडे धुताना दगडावर हात आपटला आणि माझ्या तीन बांगड्या फुटल्या. मी तुकडे केरात गोळा केले आणि उकिरड्यावर टाकून आले. संध्याकाळी वाढताना सासूबाईंनी माझ्या मनगटाकडे बघितलं.

"तीन कमी हायेत."

"फुटल्या."

"तुकडं कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतला आणि झोपायला गेल्या. मला वाटलं, सुटले. सकाळी उजाडल्याबरोबर त्यांनी मला उकिरड्यापाशी नेलं, आपणही लुगड्याचा काष्टा घट्ट करून बसल्या आणि आम्ही दोघी ओंजळ ओंजळ चाळायला लागलो. सापडलेला तुकडा त्या धुवायच्या दगडावर नेऊन ठेवत होत्या. नुसता ठेवत नव्हत्या, जोडत होत्या. तुकड्याला तुकडा लावून हिरवी बांगडी गोल करत होत्या. दोन पुऱ्या झाल्या. तिसरीत करंगळीच्या पेराएवढी फट राहिली.

मी म्हटलं, "एवढासा तर तुकडा आहे."

"व्हय, एवढासाच. पन वैशाखात हा उकिरडा पाट्या भरून शेतात कोन नेनार? मी, तू, तुजी जाव. हातानं पसरनार कोन? आपनच. आनि आवनीला चिखलात उघड्या पायानं कोन उभं ऱ्हानार?" मग माझ्याकडे बघून हसल्या. "तुकड्याला आपन इसरू, तो आपल्या पायाला न्हाय इसरायचा."

दुपार झाली तेव्हा तो तुकडा सापडला. कोंबडीनं उकरून बाजूला टाकला होता. सासूबाईंनी तो फटीत बसवला, बांगडी पुरी झाली, आणि मग तीनही बांगड्या पुन्हा मोडून डेऱ्यात टाकल्या. नंतर मला गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली आणि स्वतः माझी पाठ चोळली. त्या बाईचं प्रेम असं होतं. आधी उकिरडा चाळायला लावायचं आणि मग पाठ चोळायची.

हे सगळं गेलं. हळूहळू गेलं, त्यामुळे जाताना कळलं नाही. सासूबाई गेल्या. म्हशी विकल्या. मुलानं ट्रक घेतला, तो न्हावा-शेव्याच्या बंदरात चालवतो. शेत मक्त्यानं दिलं. उकिरड्याच्या जागेवर न्हाणीघर आलं, परसात पेव्हर ब्लॉक बसले. डेराही त्याच वेळी कुठेतरी गेला. नक्की कधी, ते मला सांगता येत नाही, आणि याचंच वाईट वाटतं.

मग ग्रामपंचायतीची घंटागाडी सुरू झाली. प्रत्येक घराला दोन बादल्या दिल्या, हिरवी ओल्याला, निळी सुक्याला. बादल्या चांगल्या होत्या हो! म्हणूनच घोटाळा झाला. निळीत मी तांदूळ ठेवले, झाकण घट्ट बसतं, टोके होत नाहीत. हिरवी सुनेनं कपडे भिजवायला घेतली. शेजारणीनं एकीत पापड भरले. साऱ्या गावात त्या बादल्यांत कचरा सोडून सगळं होतं. कचरा एका पिशवीत. मांदेलीची डोकी, दुधाच्या पिशव्या, पेपर, औषधाची पाकिटं, सगळं एकत्र, आणि गाडीची घंटा झाली की गाडीत. मुलगा म्हणायचा, "आई, गाडी येते ना? दे टाकून. पुढचं ते बघतील."

ते म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती आठ दिवसांवर आले होते, म्हणून मी माळ्यावरचं सामान खाली काढलं. त्यात सासूबाईंचा कंदील होता. वीज आल्यावरही त्या रोज त्याची काच राखेनं पुसायच्या, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं, आत हात घालून. त्यांचा हात बारीक होता म्हणून जायचा. मीही तशीच पुसायला गेले. माझा हात बारीक नाही. काच हातातच तडकली, ओट्यावर पडली आणि फुटली.

मी बसून रडले. एवढ्या म्हातारपणी काचेसाठी रडणं बरं दिसत नाही, पण रडले. त्या काचेत मला सासूबाईंची बोटं दिसायची. मग डोळे पुसले, तुकडे सुपलीत भरले आणि ओट्याशी जी पिशवी उघडी होती तिच्यात टाकले. वरून मांदेलीची डोकी. वरून सोपटाची गाठ, दोन वेढे आणि कान. बाहेर घंटा वाजत होती.

काच गेली म्हणून मी रडले. कुठे गेली, याचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, नवरा नाही, मुलगी शाळेत. तोंडओळख होती एवढंच. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जाड पट्टी. डाव्या हातात सोपटाची पट्टी लोंबत होती.

"आजी, ही गाठ तुमचीच ना?"

"माझीच. तुला कुठे मिळाली?"

"शेडवर. गावात सोपटानं पिशवी दुसरं कोन बांधतंय?" ती रागावलेली नव्हती. तेच मला जास्त लागलं. "मी तिथं कचरा निवडते, बचत गटातून. तुमची गाठ एका वढीत सुटते ना, म्हनून तुमची पिशवी मी पयली घ्यायची. बाकीचे मेले अशा गाठी मारतात की जसा काय नवरा बांधून ठेवलाय आत. काल तुमची सोडली आनि हात घातला."

मी तिला बस म्हटलं. ती पायरीवर बसली. पाणी दिलं, चहा दिला. "हातमोजे नाहीत का गं देत?" असं काहीतरी मूर्खासारखं विचारलं.

"देतात की. पन हातमोज्यात दुधाची पिशवी बोटाला कळत न्हाय, कामाला वेळ लागतो." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "बोटाचं जाऊ दे. डागदरानं टाके घातलेत. मी आलेय ते दुसऱ्यासाठी. मी आठ दिवस बसले तर माजी जागा जाईल, दुसऱ्या दोघी टपून बसल्यात. तुमच्या सुनेला विचारता का? आठच दिवस. नाव माजं ऱ्हाईल."

सून सकाळी अंगणवाडीत जाते. मी म्हटलं, "मी येते."

ती हसली. "आजी, थट्टा नको."

"थट्टा नाही. उकिरडा चाळायला मला सासूनं शिकवलंय."

मुलगा खूप ओरडला. "लोक काय म्हणतील? आईला कचऱ्यात बसवली म्हणतील!" मी म्हटलं, "आपला कचरा तिच्या हातात बसला तेव्हा लोक काय म्हणाले?" सकाळी त्यानंच मला स्कूटरवरून शेडपर्यंत सोडलं. मात्र जरा अलीकडे, वडाखाली.

शेड म्हणजे चार खांब आणि पत्रे. जमिनीवर गावाचा एका दिवसाचा कचरा ओतलेला आणि भोवती आम्ही चौघी. पहिला तास मला नुसता वास. दुसऱ्या तासाला वास गेला आणि गाव दिसायला लागलं. कोणाकडे पाहुणे आले, कोणी नवी साडी घेतली, कोणाला साखरेची गोळी सुरू झाली, सगळं तिथं. आणि सगळं एकमेकाला नासवत होतं. चांगला कोरा पुठ्ठा, पण त्यावर बोंबलाचं पाणी सांडलेलं, भंगारवाला त्याला हात लावत नाही. भाताचं शीत, पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून कोंडलेलं; ना कुजतं ना सुकतं. वेगळं असतं तर दोन्ही कामाचं होतं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दोघांचा बळजबरीनं संसार मांडला आणि कोणाचंच भलं झालं नाही.

मागे खताचा ढीग होता. तो निवडून उरलेल्याचा. मी मूठभर हातात घेतलं. काळं, मऊ, पण मधेमधे चकाकणारं. बारीक काच, पाकिटांचे कोपरे. ते खत फुकट देतो म्हटलं तरी वाडीवाले नेत नाहीत. कसे नेतील?

दुसऱ्या दिवशी एक पंचायतीचा सदस्य मोटरसायकलवरून आला आणि खाली न उतरताच म्हणाला, "आता यंत्र मंजूर होतंय. सगळं मिसळून टाका, यंत्र आपोआप वेगळं करील. बायांनो, तुमचे कष्ट गेले."

माझ्या शेजारची म्हणाली, "कधी येतंय?"

"येईल, येईल."

"मग येईपर्यंत यंत्र म्हंजे आमीच ना? तर जरा यंत्राला प्यायचं पानी तरी ठेवा शेडवर." तो हसून निघून गेला. पाण्याचा माठ मी दुसऱ्या दिवशी घरून नेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाई माझ्या दारात आली आणि मला तिचं बोट बघवेना. सुजून जांभळं झालं होतं. अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आली होती. "डागदर म्हनतो, आत घान गेली. दोन दिवसांत उतार न्हाय पडला तर पेर काढायला लागंल." तिनं हे बोटाकडे न बघता सांगितलं. "उजवा हात हाय, आजी. पेर गेलं तर मग निवडन्याचं काम गेलंच."

ती गेल्यावर मी बसून राहिले आणि मला ती बांगडी आठवली. धुवायच्या दगडावरची, फट राहिलेली.

मी विचारलं होतं शेडवर, माझी पिशवी कुठे आहे. ती तशीच कोपऱ्यात ठेवलेली होती. तिच्यात परत हात घालणार कोण? सकाळी जाऊन ती घरी आणली. परसात धुवायच्या दगडापाशी बसले. सांडशीनं एकेक वस्तू काढली. मांदेलीची डोकी माडाच्या आळ्यात पुरली. किती वर्षांनी! दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर घातल्या. आणि काचा दगडावर मांडल्या.

कंदिलाची काच सगळी जोडता येत नाही, पोटाचा भाग पातळ, त्याचा चुरा झाला होता. पण तिच्या तोंडाचा काठ जाड असतो आणि बांगडीसारखाच गोल. तो मी जोडायला घेतला. चष्मा सारखा घसरत होता. सून अंगणवाडीतून आली, समोर बसली आणि तुकडे हातात द्यायला लागली. नऊ तुकडे लागले. काठ गोल झाला. एका जागी फट राहिली, तांदळाच्या दाण्याएवढी.

आम्ही दोघींनी ओटा धुतला, सुपली झटकली, स्वयंपाकघराची जमीन ओल्या फडक्यानं पुसली. दाणा सापडला नाही.

"आई, तो बोटात असेल?"

"माहीत नाही. पण घरात नाही, पिशवीत नाही."

सुनेनं तशीच ओढणी गुंडाळली, स्कूटर काढली, त्या बाईला मागे बसवून अलिबागला गेली. माझे नऊ तुकडे एका डबीत घालून दिले होते. पुढचं मला सुनेनं सांगितलं. डॉक्टर आधी हसले. म्हणाले, जखम आधीच साफ केली आहे. सुनेनं डबी त्यांच्या टेबलावर उघडली आणि काठ जोडून दाखवला. मग त्यांनी बोटाचा एक्स-रे काढला. टाक्याच्या खाली, हाडाला चिकटून, दाणा होता.

तो काढला. पेर राहिलं. पण शीर दुखावली होती, ते बोट आता पुरतं वाकत नाही. मूठ केली तरी एकटं सरळ उभं राहतं, वर्गात उत्तर येणाऱ्या पोरीसारखं. ती स्वतःच त्यावर हसते. मला अजून हसता येत नाही.

महिना लागला तिला परत यायला. तोवर मी बसले, तिचं नाव राहिलं. गणपती आले आणि गेले, यंत्र काही आलं नाही. निळ्या बादलीतले तांदूळ मी डब्यात भरले. परसात दोन पेव्हर ब्लॉक उपटून आळं मोकळं केलं. मुलगा कुरकुरला आणि मग त्यानंच बाकीचे चार उपटून दिले. माशाचं पाणी पुन्हा माडांना, पाळीनं. न्हाणीच्या भिंतीपाशी मी कुंभारवाड्यातून आणलेला डेरा ठेवला आहे. नवाच मिळाला, म्हणून त्याचा काठ जरा फोडला. नवा चांगला डेरा बघून सुनेनं त्यात पाणी भरलं असतं. सासूबाईंच्या काचेचे ते नऊ तुकडे त्याच्या तळाशी आहेत. दहावा दवाखान्यात राहिला.

गाडीत द्यायची पिशवी आता एवढीशी असते, आणि कोरडी. ती बाई पुन्हा माझीच पिशवी पहिली घेते. मी विचारलं, "भीती नाही वाटत?" म्हणाली, "तुमची कसली भीती? तुमी आता डबल घाबरलेल्या."

गाठ तीच आहे, सोपटाची, दोन वेढ्यांची. फक्त कान मी आता जरा मोठा काढते. तिचं ते बोट वाकत नाही, पण कानात सरळ जातं.